सहाशे पीडीएफ जमल्यात, हवा तो पेपर सापडत नाही

प्रश्न
पीएचडीचं तिसरं वर्ष. जमिनीतल्या ओलाव्यावर काम करते. परवा एक आलेख हवा होता: खारवट मातीत कपॅसिटन्स सेन्सर (विद्युतधारकतेवरून ओलावा मोजणारं उपकरण) किती चुकतो याचा. वाचलाय हे पक्कं आठवतं, पिवळी खूण केलेलीही आठवते. दोन संध्याकाळी शोधला, मिळाला नाही. विषयवार फोल्डर आहेत, पण असा पेपर 'सेन्सर'मध्येही बसतो आणि 'क्षार'मध्येही. मग दोन प्रती होतात, खुणा एकीवर आणि दुसरी कोरी. फोल्डर नव्याने लावू की झोटेरो (संदर्भ आणि पेपर सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेऊ?

प्रतिसाद १
झोटेरो घ्या. मोफत आहे. पीडीएफ आत ओढली की बहुतेक वेळा लेखक, वर्ष, डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) आपोआप भरले जातात. एकच नोंद कितीही कलेक्शनमध्ये ठेवा, प्रत होत नाही. ऑनलाइन जागा मात्र ३०० एमबीच फुकट मिळते.

प्रतिसाद २
झोटेरो घ्याच, पण तेवढ्याने तुमचा आलेख सापडणार नाही. मी बरीच वर्षं हेच करतोय. पेपर हरवत नाही हो, तो आपण का ठेवला होता ते हरवतं. म्हणून पेपर वाचून झाला की उठण्याआधी त्याच नोंदीला जोडून चार ओळी लिहितो, मराठीत, माझ्याच शब्दांत: का ठेवला, काय मोजलं, कशावर मोजलं, मला कुठे शंका आहे. तुमच्या पेपरला 'खारवट मातीत सेन्सर ओलावा जास्त दाखवतो, आकृती पाहा' एवढं लिहिलेलं असतं तर 'खारवट' टाकताच तो समोर आला असता. शीर्षकात हा शब्द असेलच असं नाही, आणि आलेखातली अक्षरं बऱ्याचदा चित्र असतात, शोधात येत नाहीत.

सहाशेच्या सहाशे पेपरांना टिपा लिहायला बसू नका, दमून सोडून द्याल. प्रबंधात ज्यांचा संदर्भ येणार तेवढेच आधी घ्या.

आणखी एक, कळकळीने सांगतो. झोटेरोचा डेटा फोल्डर क्लाउड-सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. माझा डेटाबेस त्यानेच बिघडला होता आणि तीन महिन्यांच्या टिपा गेल्या. बॅकअप वेगळा घ्या, झोटेरो बंद करून. शिवाय २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून आतल्याच वाचकात खुणा करता येतात, पण त्या डेटाबेसमध्ये राहतात, पीडीएफमध्ये नाही. गाइडना फाइल पाठवताना खुणांसकट एक्स्पोर्ट करा.

तोवर 'सॅलिनिटी', 'इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटी' हे शब्द इंग्रजीत टाकून पूर्ण मजकुरात शोधा. जुने स्कॅन असतील तर त्यांना आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारी सोय) लावा, नाहीतर शोधाला ती पानं कोरीच.

प्रश्नकर्ती
सर, स्कॅनच होता! अकरा स्कॅन निघाले, सगळ्यांना ओसीआर लावलं. चौथ्यात सापडला, सातव्या पानावर पिवळी खूण. चार ओळी लगेच लिहिल्या. शंकेच्या ओळीत लिहिलंय: मातीचं तापमान दिलेलं नाही.