तारेच्या बल्बपासून एलईडीपर्यंत : घरातल्या उजेडाचे अनुभव

घरातले तारेचे जुने बल्ब काढून त्यांच्या जागी कमी वीज खाणारे दिवे बसवणे हे काम ऐकायला अगदी किरकोळ वाटते. स्टुलावर चढायचे, जुना बल्ब काढायचा, नवा लावायचा आणि खाली उतरायचे, एवढेच तर असते. माझ्या घरात मात्र हे काम तीन खेपांत आणि बऱ्याच वर्षांत पार पडले. पहिल्या खेपेला मी सगळीकडे सीएफएल, म्हणजे वळवलेल्या बारीक नळीचे दिवे लावले. न्हाणीघरातल्या दिव्याचा पूर्ण उजेड पडायला मिनिटभर लागे आणि दिवसातून वीसेक वेळा चालू-बंद होऊन तो वर्षभरातच गेला. वारंवार चालू-बंद केल्याने सीएफएलचे आयुष्य घटते हे मला नंतर समजले. दुसऱ्या खेपेला एलईडी आणले, पण खोक्यावरचा वॉटचा आकडा तेवढा पाहून आणले. ते सगळे ६५०० केल्विनचे, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचे निघाले आणि संध्याकाळी दिवे लावले की बैठकीच्या खोलीला कचेरीची कळा येऊ लागली. तिसऱ्या खेपेला मी वही घेऊन प्रत्येक खोलीत बसले आणि इथे कोण बसते, काय करते, दिवा किती वेळ लागतो, हे आधी लिहून काढले. त्यानंतर आणलेले दिवे आजही चालू आहेत.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की दिवा घेताना आधी उजेडाचा विचार करावा आणि मग विजेचा. दिवा किती वीज घेतो हे वॉटवरून कळते, तर किती उजेड देतो हे ल्युमेनवरून कळते. साठ वॉटचा जुना बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन उजेड देत असे. तेवढाच उजेड सीएफएल १३ ते १५ वॉटमध्ये देतो आणि एलईडी ८ ते ९ वॉटमध्ये. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याची सवय लागली, तर माझ्यासारखी दुसरी खेप कोणाला करावी लागणार नाही.

आपण हा बदल कसा केला, कुठे अडलात, कोणता दिवा कोणत्या खोलीत उपयोगी पडला, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. एखादा दिवा लवकर गेला असेल किंवा डोळ्यांना खुपला असेल, तर तेही आवर्जून लिहावे.

*

मी आधीपासूनच दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवतो, म्हणून माझा अनुभव हिशेबाचाच आहे. आमच्या घरात लहानमोठे मिळून १४ बल्ब होते. ते सगळे एकदम बदलण्याऐवजी आठवडाभर मी प्रत्येक बल्ब किती वेळ चालू राहतो याची नोंद केली. त्यात असे दिसले की चारच बल्ब रोज सुमारे पाच तास जळत होते आणि बाकीचे जेमतेम काही मिनिटे. साठ वॉटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट वीज जाते; त्या जागी ९ वॉटचा एलईडी लावला तर दीड युनिटसुद्धा लागत नाही. ते चार बल्ब बदलल्यावर महिन्याला सुमारे ३० युनिट कमी व्हायला हवे होते आणि मीटरच्या नोंदीत जवळपास तेवढाच फरक दिसला. माळ्यावरचा साठ वॉटचा बल्ब मात्र मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. तो दिवसातून दोन मिनिटे लागतो, म्हणजे वर्षभरात पाऊण युनिटही खात नाही. तो आपणहून जाईल तेव्हा बदलेन.

आणखी एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर डोक्यापासून हातभर उंचीवर शंभर वॉटचा बल्ब होता आणि तासाभरात टाळू तापायची. तारेचा बल्ब मिळालेल्या विजेपैकी दहा टक्क्यांहूनही कमी विजेचा उजेड करतो आणि बाकी सगळी उष्णताच होते. तो बल्ब बदलल्यावर त्या खोलीत बसणे कितीतरी सुसह्य झाले.

*

माझा अनुभव आईच्या निमित्ताने आला. तिचे वय ७४ आहे आणि आजही ती रोज शिवणाला बसते. मशीनच्या वर साठ वॉटचा पिवळा बल्ब होता, तो काढून मी ९ वॉटचा पांढरा एलईडी लावला आणि चांगले काम केले असे समजून मोकळी झाले. पंधरा दिवसांनी आईने एक झंपर माझ्यापुढे धरला. गडद निळ्या कापडावर तिने एक बाही निळ्या दोऱ्याने आणि दुसरी काळ्या दोऱ्याने शिवली होती. ती काही बोलली नाही, नुसती शिवण बोटाने दाखवत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "आता माझे डोळे गेले, बाई." मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले, तर चष्म्याचा नंबर होता तेवढाच होता. घरी आल्यावर मी दोन्ही रिळे घेऊन तिला खिडकीशी उभे केले, तेव्हा तिने क्षणात काळे रीळ उजव्या हातात आणि निळे डाव्या हातात घेतले. तीच रिळे दिव्याखाली नेली, तर मलाही नीट सांगता येईना.

नंतर त्यामागचे कारण समजले. पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळा प्रकाश तयार होतो आणि त्यावरच्या पिवळसर लेपामुळे तो आपल्याला पांढरा दिसतो. (हा निळा एलईडी विकसित केल्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) अशा उजेडात रंगांच्या सगळ्या छटा सारख्या प्रमाणात नसतात, आणि लाल छटा तर हटकून कमी पडते. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा एक निर्देशांक असतो, तो खोक्यावर सीआरआय म्हणून छापलेला असतो. तारेच्या बल्बचा सीआरआय जवळपास १०० असतो, तर साध्या एलईडीचा ८०च्या आसपास. मी आईसाठी ९०च्या वरचा शोधून आणला आणि उजेडही जवळजवळ दुप्पट, म्हणजे १५०० ल्युमेनचा घेतला. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळट होते आणि बाहुली लहान राहते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात उजेड मुळातच कमी शिरतो. घरात वडीलधारी माणसे असतील, तर बचतीच्या भरात त्यांच्या वाटचा उजेड कमी करू नये, ही माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. जास्त उजेडाचा हा दिवासुद्धा १५ वॉटचाच आहे, म्हणजे जुन्या बल्बच्या चौथा हिस्साच वीज घेतो.

*

वरचा अनुभव वाचून मन भरून आले. आईंच्या मशीनजवळ दिवा नेमका कुठे बसवला आहे, छताला की मशीनलगत, हे कृपया लिहावे. माझ्या सासूबाईंसाठी मला तशीच सोय करायची आहे.

*

माझा वीजकामाचा व्यवसाय आहे. एलईडी लावल्यानंतर लोक ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांतल्या तीन इथे लिहितो, कारण त्यांत बहुतेक वेळा दोष दिव्याचा नसतो.

पहिली तक्रार अशी की बटण बंद केल्यावरही दिवा रात्रभर मिणमिणत राहतो किंवा मधूनच लुकलुकतो. बटणात लहानसा लाल इंडिकेटर असेल, तर त्यातून अगदी थोडा प्रवाह सतत दिव्याकडे जात असतो. जुन्या बल्बची तार तेवढ्याने तापत नसे, म्हणून ते कधी लक्षात येत नसे. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. इंडिकेटर काढला की हा प्रश्न मिटतो. दुसरे कारण याहून गंभीर असते. फिटिंग करताना बटण फेजच्या (वीज आणणाऱ्या) तारेवर न बसवता न्यूट्रलच्या (परतीच्या) तारेवर बसवलेले असले, तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज जिवंत राहते. अशा होल्डरला हात लावणे जिवावर बेतू शकते. म्हणून मिणमिणणारा दिवा दिसला की नुसता दिवा न बदलता जाणकाराकडून तारा तपासून घ्याव्यात.

दुसरी तक्रार लवकर जाणाऱ्या दिव्यांची. खोक्यावर १५,००० किंवा २५,००० तास लिहिलेले असतात आणि दिवा सहा महिन्यांत जातो. जाऊन पाहिले तर तो बहुधा काचेच्या बंद गोळ्यात कोंडलेला असतो. एलईडी कमी तापतो हे खरे, पण जी थोडी उष्णता होते ती त्याच्या बुडाकडून बाहेर पडावी लागते आणि तिथेच आत वीज नियंत्रित करणारे ड्रायव्हर सर्किट असते. त्यातल्या कपॅसिटरच्या, म्हणजे थोडी वीज साठवून धरणाऱ्या भागाच्या बाबतीत ढोबळ नियम असा आहे की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते. मी जेव्हा असे गेलेले दिवे उघडतो, तेव्हा बहुतेकांत प्रकाश देणारे ठिपके शाबूत असतात आणि कपॅसिटरचा माथा फुगलेला असतो. बंद आवरणात लावायचा असेल तर तसे स्पष्ट लिहिलेलाच दिवा घ्यावा, नाहीतर गोळा काढून टाकावा.

तिसरी तक्रार डिमरची, म्हणजे उजेड कमीजास्त करणाऱ्या बटणाची. जुने डिमर निदान चाळीस-साठ वॉटच्या भारासाठी बनवलेले असत. त्यांवर ९ वॉटचा दिवा लावला की तो गुणगुणतो किंवा थरथरतो. डिमरवर चालणारा एलईडी घ्यावा लागतो आणि पुष्कळदा डिमरही बदलावा लागतो.

*

आमच्या घरी बदलाबदलीच्या वेळी काढलेला एक सीएफएल मुलाच्या हातून खोलीतच फुटला. त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो एवढे मला ठाऊक होते, म्हणून सगळ्यांना बाहेर काढले, खिडक्या उघडल्या आणि दहा-पंधरा मिनिटे आत कोणाला जाऊ दिले नाही. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवला नाही, कारण त्याने पारा अधिक पसरतो. जाड पुठ्ठ्याने काचा गोळा केल्या, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपला आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद केले. घरात अजून सीएफएल असतील त्यांनी ते गेल्यावर नेहमीच्या कचऱ्यात टाकू नयेत. ते वेगळे ठेवून इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावेत.

*

मला अर्धशिशीचा त्रास आहे. नवा एलईडी लावल्यापासून संध्याकाळी वाचायला बसले की डोके जड होऊ लागले. एकदा त्या खोलीत फोनने चित्रण करताना पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. ड्रायव्हर हलक्या प्रतीचा असला, तर उजेड विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा कमीजास्त होतो. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण काहींना जाणवतो. आता कोणताही दिवा घेण्याआधी मी तो लावून त्यावर फोनचा कॅमेरा धरते. पट्टे दिसले नाहीत तरच घेते, आणि माझा त्रास पुष्कळ कमी झाला आहे.

*

माझी भर छोटी आहे. छत्रीच्या टेबललॅम्पमध्ये नेहमीचा एलईडी लावल्यावर वरचे छत उजळले आणि खाली टेबलावर अंधार राहिला, कारण त्याचे बूड प्लास्टिकचे असते आणि उजेड पुढच्याच बाजूला पडतो. काचेच्या आत पिवळ्या काड्या दिसणारा फिलामेंट प्रकारचा एलईडी लावला, तेव्हा उजेड जुन्या बल्बसारखा चहूबाजूंना पसरला. ओव्हनमधला बल्ब मात्र जुन्याच पद्धतीचा ठेवावा लागतो; तेवढ्या उष्णतेत एलईडीचे सर्किट टिकत नाही.

*

मी प्रत्येक नव्या दिव्याच्या बुडावर शाईच्या पेनने लावल्याची तारीख लिहितो. तारेचा बल्ब सुमारे १००० तास चालत असे, म्हणून त्याची तारीख लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. एलईडी इतका काळ चालतो की हमीची मुदत कधी संपली हेच विसरायला होते. माझे दोन दिवे मुदतीत गेले, तेव्हा बुडावरची तारीख आणि जपून ठेवलेली पावती दाखवल्यावर ते विनातक्रार बदलून मिळाले.

*

वर विचारले गेले होते म्हणून लिहिते. आधी दिवा छताला होता आणि आई वाकली की तिच्या डोक्याची सावली सुईवर पडत असे. आता तो वाकवता येणाऱ्या दांडीवर, मशीनच्या डाव्या हाताला, कापडापासून साधारण दीड हातावर आहे. दिव्याचे अंतर निम्मे केले की उजेड चौपट पडतो, त्यामुळे छताचा दिवा मोठा करण्यापेक्षा हा उपाय अधिक कामी आला. आई उजव्या हाताने काम करते म्हणून तो डाव्या बाजूला ठेवला. आपल्या सासूबाई डावखुऱ्या असतील तर उजवीकडे ठेवावा. छत्री एवढी खाली असू द्यावी की बसलेल्या माणसाला दिवा थेट दिसता कामा नये. काळे आणि निळे रीळ मी अजून तिथेच ठेवले आहे आणि नवीन दिवा आणला की आई आधी ती दोन रिळे त्याखाली धरून पाहते.