बँडमधील गायक एकट्याने कधी उभा राहतो?

प्रश्न (कोथरूड): आमच्या बँडचा गायक स्वतंत्र होऊ पाहतो आहे आणि उठता-बसता ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकेलचा दाखला देतो. 'व्हॅम' हा आपला बँड सोडल्यावर त्याला एकट्याने एवढे यश कसे मिळाले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (सदाशिव पेठ): ती फारकत एका रात्रीत झालेली नाही. १९८४ मध्ये 'केअरलेस व्हिस्पर' हे गाणे ब्रिटनमध्ये त्याच्या एकट्याच्या नावावर निघाले, तर अमेरिकेत त्याच गाण्यावर बँडचेही नाव होते. म्हणजे २८ जून १९८६ रोजी वेम्ब्ली स्टेडियममध्ये निरोपाचा कार्यक्रम होण्याच्या दोन वर्षे आधीच श्रोत्यांना त्याच्या एकट्या नावाची सवय झाली होती. १९८७ चा 'फेथ' हा अल्बम त्यानंतरचा, आणि त्याला १९८९ मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले.

प्रतिसाद (कर्वेनगर): 'फेथ'ची सुरुवात हेडफोन लावून ऐका. आधी चर्चमधल्यासारखा ऑर्गन 'व्हॅम'च्याच 'फ्रीडम'ची चाल संथपणे वाजवतो, तो विरत जातो आणि मग एकटी गिटार सुरू होते. जुन्या बँडचा याहून नेटका निरोप मी तरी ऐकलेला नाही. मात्र हेही लक्षात घ्यावे, की तो नुसता गळा नव्हता. बँडची बहुतेक गाणी त्यानेच रचली होती आणि 'फेथ'चा निर्माताही तोच होता. तुमच्याकडे चाली कोण बांधतो?

प्रश्नकर्ता: गिटारवादक, म्हणजे मीच. गायकाला हा धागा अद्याप दाखवलेला नाही.