शेवटच्या आजारात जाणाऱ्याशी घरात खरं बोलले होते का? अनुभव लिहा

सध्या शेतातली लाईन रात्रीची आहे, हरभऱ्याला पानी लावून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोबाईलवर वाचत बसतो. परवा पॉल कलानिथीचं 'व्हेन ब्रेथ बिकम्स एअर' संपलं. मेंदूचा सर्जन, 36 व्या वर्षी फुफ्फुसाचा कॅन्सर, मार्च 2015 मध्ये गेला तेव्हा पोरगी 8 महिन्यांची, पुस्तक अर्धं राहिलं तर शेवटचा भाग बायकोनं लिहिला. त्या घरात सगळ्याईले माहीत अन् सगळे बोलतात. मला बाबा आठवले. खर्र्यानं, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून खातात त्यानं, तोंडाचा कॅन्सर, अन् आम्ही म्हणत होतो गाठ आहे, पोळ्यापर्यंत बरं वाटन. एका दुपारी त्याईनं पेटी उघडली, सातबारा, सोसायटीचं पासबुक, धुऱ्याच्या भांडणाचा जुना कागद, एकेक माझ्या हातात दिला. बोलता येत नव्हतं, बोटानं दाखवत होते. मी म्हटलं, राहू द्या बाबा, तुम्हीच पाहसान. त्याईनं कागद परत घेतले, पेटी लावली. कडीचा तो आवाज अजून कानात आहे.

पऱ्हाटी
दादा, वाचून हात थांबला, भाकरी जळली तव्यावर. आईले मीच सांगितलं होतं. डॉक्टर आम्हाला बाहेर बोलावून सांगत, आजारी ती अन् सांगनं आम्हाला, मला पटेच ना. ऐकून ती भिंतीकडं पाहत राहिली, मंग म्हणे माह्या बहिणीले बोलाव अन् पाटोडीचा रस्सा कर, आता पथ्य पुरे. मावशी 6 दिवस राहिली. दोघी लहानपनच्या गोष्टी काढून रात्र रात्र हसत, मी सैपाकघरात रडत होती.

धामकाठ
आमचे आजोबा पवनारचे. विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात अन्न, पानी, औषध सोडलं अन् 15 तारखेला गेले, ते आजोबाईनं जवळून पाहिलेलं. स्वतःची वेळ आली तर म्हणे सलाईन नको. काकू लय भांडली, पन शेवटी त्याईचंच ऐकलं. मी तेव्हा चिडलो होतो, आता नाही.

रानवाट
लाईन किती वाजता येते तुमच्याकडं? आमच्याकडं 12 ले, अन् रानडुकरं. एकटे जाऊ नका दादा.

सांजवेळ
विषय सोडून विचारते, माफ करा. भाऊ 24 चा, दिवसाले 5-6 खर्रे. तोंडात दोन बोटं पन जात नाहीत, तिखट लागलं की डोळ्यातून पानी. तो म्हणते काही होत नाही. कसं सोडवू?

धामकाठ
ताई, हे सुपारीनं होते, तंबाखू नसली तरी तोंड आतून आकसते. यातूनच पुढं कॅन्सर होऊ शकते, तर आजच खर्रा बंद अन् दाखवून घ्या. नागपुरात सरकारी दंत महाविद्यालय आहे.

पऱ्हाटी
सांजवेळ, तो जेवते का नीट? भात मऊ करून देत जा.

धागाकर्ता
ताई, सोमवारी मी नागपूरले जाऊनच रायलो. त्याले घेऊन या, मी संगं येतो. अन् डॉक्टरले जे विचारायचं ते त्याच्यासमोरच विचारू, बाहेर व्हरांड्यात नाही.