मदत हवी आहे : दोन खोल्यांच्या शाळेत हवा खेळती कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, ४३ मुलं, खोल्या दोनच. १ डिसेंबर २०२१ ला शाळा उघडली आणि जानेवारी २०२२ मध्ये कोरोनाच्या ओमायक्रॉन प्रकारामुळे पुन्हा बंद झाली. २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा परवानगी मिळाली. या वेळी ती बंद पडू नये असं फार वाटतं. परवा दुसरीतल्या एकीच्या घरी गेले. ‘कमळ’ लिही म्हटलं, तर तिने पाटीवर कमळाचं चित्र काढलं. घरात मोबाइल एकच, तोही वडिलांबरोबर रानात जातो.

मास्क, साबण यांचं जमतंय. खरी अडचण हवेची आहे. हा विषाणू कोंदट खोलीत हवेतून पसरतो, आणि आमच्या एका खोलीच्या मागच्या दोन्ही खिडक्या गंजून घट्ट बसल्यात. तेल सोडलं, ठोकून पाहिलं, पण हलत नाहीत. एक वर्ग कडुलिंबाखाली बसवते, पण साडेअकराला सावली सरकते.

हवा बाहेर फेकणारा पंखा कोणी बसवलाय का? खर्च कुठून केलात? दिवसाआड निम्मी मुलं बोलावणं दोन शिक्षकांना झेपतं का? डबा खाताना मास्क उतरतात, तेव्हा मुलांना कसं बसवता? जानेवारी २०२२ मध्ये लस १५ वर्षांपुढच्यांनाच होती, आमच्या चिमुरड्यांना नव्हती. घरात म्हातारी माणसं असलेल्या पालकांची समजूत कशी काढलीत, तेही कृपया सांगा.