मदत हवी आहे: ओपनडब्ल्यूआरटी कंपाइल करताना दर वेळी वेगळ्याच ठिकाणी ‘एरर २’

नमस्कार मंडळी,

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी लिनक्सची मुक्त प्रणाली) स्वतः कंपाइल करताना, म्हणजे सोर्स कोडमधून बांधताना, नऊ दिवस अडकलोय, म्हणून धागा काढतोय. थोडं लांबेल. अर्धवट माहिती दिली की पहिले चार प्रतिसाद उलट प्रश्न विचारण्यातच जातात, त्यापेक्षा सगळं एकदाच सांगतो.

आमच्या गावच्या वाचनालयात (आजरा तालुका) टीपी-लिंकचा डब्ल्यूआर१०४३एनडी राउटर आहे, तळाच्या लेबलवर व्हर्जन २. फ्लॅश ८ एमबी, रॅम ६४ एमबी, मागे एक यूएसबी पोर्ट. वाचनालयापर्यंत वायरचं इंटरनेट आलेलं नाही, त्यामुळे त्या पोर्टला ४जी डोंगल लावलाय. चार महिन्यांपूर्वी मी राउटर घरी आणून त्यावर ओपनडब्ल्यूआरटीची तयार २३.०५ इमेज (राउटरवर चढवायची पूर्ण प्रणालीची एक फाइल) टाकली, फोनचं नेट देऊन डोंगलचं आरएनडीआयएस मॉड्यूल (डोंगल चालवणारा कर्नलचा भाग) ओपीकेजीने (पॅकेज बसवायचा प्रोग्राम) बसवलं. तेव्हापासून सुरळीत चालू आहे. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेची दहा-बारा मुलं तिथेच अभ्यासाला बसतात.

अडचण राउटरची नाही, भाषेची आहे. वाचनालय उघडतात त्या मावशींना महिन्यातून एकदा वायफायचा पासवर्ड बदलावा लागतो आणि ल्युसीचं, म्हणजे ब्राउझरमधून राउटरची सेटिंग बदलायचं, पान इंग्रजीत. गेल्या महिन्यात त्यांनी वही दाखवली. त्यात त्यांनी स्क्रीनचं चित्रच काढलंय: वरून दुसरी ओळ, मग तिसरा शब्द, मग खाली उजवीकडच्या तीन बटणांतलं पहिलं. शेजारी इंग्रजी अक्षरं जशी दिसली तशी, एकेक रेघ जोडत उतरवलेली. एक ओळ चुकली की पुन्हा पहिल्यापासून. ते पान बघितल्यावर मला चैन पडेना.

ल्युसीत मराठी आहे, पण सगळी वाक्यं भाषांतरित नाहीत, उरलेली इंग्रजीतच दिसतात. मावशींना लागतात तेवढ्या दोन-तीन पानांची वाक्यं मी मराठी पीओ फाइलमध्ये (मूळ वाक्य आणि भाषांतर यांच्या जोड्यांची फाइल) भरली. आता ती फाइल आत असलेली इमेज स्वतः तयार करायची आहे.

माझा डेस्कटॉप: चार कोरचा जुना आय५, ४ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, उबुंटू २२.०४. सोर्स गिटवरून घेतला, २४.१० ची शाखा. फीड (जादा पॅकेजांचे संच) अपडेट आणि इन्स्टॉल केले. मेन्यूकॉन्फिगमध्ये (इमेजमध्ये काय काय हवं ते निवडायची यादी) टार्गेट (राउटरच्या चिपचा गट) एटीएच७९, सबटार्गेट जेनेरिक, खाली आमचं मॉडेल. सोर्समधून करताना ल्युसी आपोआप येत नाही हे वाचलं होतं, म्हणून ती निवडली, मराठी भाषा निवडली, डोंगलचं मॉड्यूल, आणि पुढेमागे पेनड्राइव्हवर प्रश्नपत्रिका ठेवता येतील म्हणून यूएसबी स्टोरेज, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) आणि सांबा (नेटवर्कवर फाइली वाटून देणारा प्रोग्राम).

मग ‘मेक डाउनलोड’ वेगळं चालवलं (माझा मोबाइल डेटा दिवसाला दीड जीबी, त्यामुळे हे दोन दिवसांत उरकलं) आणि शेवटी ‘मेक -जे४’ (बांधणीची आज्ञा, एका वेळी चार कामं). दोन-अडीच तास चालतं आणि टूलचेनमध्येच (राउटरसाठी कोड बांधणाऱ्या कंपायलर वगैरे साधनांचा संच) ‘मेक: वर्ल्ड, एरर २’ म्हणून थांबतं.

आजवर काय काय केलं: पहिल्या दिवशी चुकून सुडोने (रूट म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवलं होतं, फाइली रूटच्या नावावर गेल्या, त्या परत माझ्या नावावर केल्या. फोल्डरच्या नावात मोकळी जागा होती, तीही काढली. ‘मेक डिस्टक्लीन’ करून दोनदा मुळापासून सुरुवात केली. डिस्कवर ९० जीबी मोकळी आहे.

चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की एरर दर वेळी वेगळ्या फाइलवर येते. काल जीसीसीच्या (टूलचेनमधला कंपायलर) एका फाइलवर थांबलं, आज तीच फाइल पार झाली आणि चार फाइली पुढे थांबलं. सोर्स खराब असता तर एकाच जागी अडलं असतं ना? एसएसडी जायला आलीय का? कृपया मार्ग दाखवा. डोक्यात १५ तारीख आहे, त्या दिवशी मासिक पासवर्ड बदलायचा असतो.

प्रतिसाद १

माहिती व्यवस्थित दिलीत, त्यामुळे मदत करणं सोपं जाईल. ‘एरर २’ ही शेवटची ओळ काहीच सांगत नाही, खरी चूक तिच्या शेकडो ओळी वर कुठेतरी असते. चार कामं एकदम चालू असताना सगळ्यांचे संदेश एकमेकांत मिसळतात. ‘मेक -जे१ व्ही=एस’ (एका वेळी एकच काम, सगळा तपशील दाखवत) चालवा, आउटपुट एका फाइलमध्ये घ्या आणि जिथे पहिल्यांदा ‘एरर’ शब्द येतो त्याच्या आजूबाजूच्या वीस ओळी इथे टाका. डिस्टक्लीन मात्र आता करू नका. त्याने तुमचं कॉन्फिगही जातं आणि झालेलं कामही.

धागाकर्ता

रात्री लावून झोपलो होतो. सकाळी बघतो तर टूलचेन पूर्ण! एकही एरर नाही. आनंद झाला म्हणून उरलेलं पुन्हा -जे४ ने चालवलं, तर अर्ध्या तासात परत थांबलं. यावेळी व्ही=एस चालू होतं म्हणून ओळ सापडली: ‘फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस’. कोण मारतंय त्याला?

प्रतिसाद २

कर्नल (लिनक्सचा गाभा) मारतोय. मेमरी संपली की लिनक्स जास्त मेमरी खाणारी प्रोसेस बंद करून बाकीची यंत्रणा वाचवतो. टर्मिनलमध्ये सुडोने ‘डीमेसेज’ (कर्नलच्या संदेशांची नोंद) बघा, ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ अशी ओळ दिसेल.

तुमच्या दोन्ही कोड्यांचं उत्तर यातच आहे. सीसी१प्लस म्हणजे सी++ चा प्रत्यक्ष कंपायलर. जीसीसीसारखी मोठी गोष्ट बांधताना एकेक सीसी१प्लस कित्येकशे एमबी घेतो. -जे४ म्हटलं की असे चार एकाच वेळी. त्यात ब्राउझर उघडा असेल तर ४ जीबी कुठल्या कुठे. कुठली चार कामं एका वेळी जुळून येतात हे दर खेपेला थोडं बदलतं, म्हणून एररची जागाही बदलते. -जे१ ला एकच काम, म्हणून निभावलं. एसएसडी ठीक आहे तुमची. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) किती आहे?

धागाकर्ता

डीमेसेजमध्ये तीच ओळ आहे, सात वेळा. आणि स्वॅप शून्य. एसएसडी झिजेल म्हणून इन्स्टॉल करतानाच काढून टाकलं होतं. नऊ दिवस मी सोर्समध्ये चूक शोधत होतो.

प्रतिसाद २

८ जीबीची स्वॅप फाइल करा: ‘एफअलोकेट’ने फाइल, परवानगी ६००, मग ‘एमकेस्वॅप’ आणि ‘स्वॅपऑन’. वर्षातून चार-पाच कंपाइलने एसएसडीला काही होत नाही. -जे२ वापरा आणि ब्राउझर बंद ठेवा. लाइट गेली तरी घाबरू नका, मेक झालेल्या टप्प्यांच्या खुणा ठेवतो आणि तिथून पुढे चालतो. ज्या पॅकेजच्या मध्यात वीज गेली ते तेवढं क्लीन करून घ्या.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण यापुढे तुम्ही तिथेच अडखळाल. राउटरवर स्वतः बांधलेला कर्नल गेला की अधिकृत सर्व्हरवरची कर्नल मॉड्यूल त्यावर ओपीकेजीने बसत नाहीत. आवृत्तीचा आकडा तोच दिसला तरी नाही. कर्नलच्या सेटिंगवरून एक हॅश (ओळखीचा ठसा) काढला जातो आणि प्रत्येक केमॉड (कर्नल मॉड्यूल) पॅकेज नेमका तोच हॅश मागतं. तुमचं कॉन्फिग वेगळं, म्हणून हॅश वेगळा. शिवाय अपग्रेड करताना नंतरून टाकलेली पॅकेजं जातात, सध्याचं आरएनडीआयएसही जाईल. वाचनालयात इंटरनेट डोंगलवरून येतं आणि डोंगल चालायला तेच मॉड्यूल लागतं. ते इमेजच्या आतच नसेल, तर तिथे उभं राहून ते मिळवायचा रस्ताच नाही. मेन्यूकॉन्फिगमध्ये त्याच्यापुढे तारा (इमेजच्या आत) आहे की एम (बांधून बाजूला), हे आत्ताच बघून घ्या.

प्रतिसाद ३

मी थोडं वेगळं सांगणार आहे. तुम्ही बदललंय काय, तर भाषांतराची एक फाइल. त्यासाठी कर्नल आणि टूलचेन बांधायची गरजच नाही. ओपनडब्ल्यूआरटीचं एसडीके घ्या, त्यात टूलचेन तयार मिळते, त्यावर फक्त ल्युसीचं पॅकेज बांधा. मग इमेज बिल्डर घ्या. तो काहीही कंपाइल करत नाही, तयार पॅकेजं एकत्र करून इमेज बांधतो. तुमचं पॅकेज त्याच्या पॅकेजेस फोल्डरमध्ये टाका, प्रोफाइल आणि पॅकेजांची यादी द्या, काही मिनिटांत काम होतं. कर्नल अधिकृत राहतो, म्हणून वर सांगितलेली हॅशची भानगडही उरत नाही. ४ जीबीच्या मशीनवर हाच रस्ता शहाणपणाचा.

धागाकर्ता

हे आधी माहीत असतं तर नऊ दिवस वाचले असते. शेजारच्या गावच्या वाचनालयातही असाच राउटर लावायचा आहे, तिथे इमेज बिल्डरच वापरेन. इथे मात्र टूलचेन झालीच आहे, तर हे तडीस नेतो.

स्वॅप लावून -जे२ ने रात्रभर चालवलं आणि पूर्ण झालं! एकही एरर नाही. पण ‘बिन’ फोल्डरमध्ये एटीएच७९, जेनेरिकच्या आत बघतो तर आमच्या मॉडेलची सिसअपग्रेड फाइलच (राउटरवर चढवायची इमेज) नाही. कर्नल आहे, मॅनिफेस्ट (पॅकेजांची यादी) आहे, हवी ती फाइल नाही. एरर न देता फाइल गायब कशी होते?

प्रतिसाद २

इमेज फ्लॅशमध्ये मावत नसेल तर बिल्ड सिस्टिम फक्त सूचना देते, फाइल टाकून देते आणि पुढे जाते. लॉगमध्ये ‘टू बिग’ शोधा. ८ एमबीतून बूटलोडर (राउटर सुरू करणारा प्रोग्राम) आणि वायफायच्या कॅलिब्रेशनची जागा वजा करा. उरलेल्यात कर्नल, सगळी पॅकेजं, आणि वर सेटिंग साठवायला थोडी जागा. त्यात सांबा ४ कसं मावणार?

तारा म्हणजे पॅकेज इमेजच्या आत. एम म्हणजे पॅकेज बांधा, पण बाजूला ठेवा. डोंगलचं मॉड्यूल, ल्युसी आणि मराठी यांना तारा हवाच. सांबा पूर्ण काढा. यूएसबी स्टोरेज आणि ईएक्सटी४ ला एम द्या. एकाच बिल्डमधली असल्यामुळे त्यांचा हॅश तुमच्या कर्नलशी जुळतो, पुढे लागली तर तुमच्याच बिन फोल्डरमधून टाकता येतील. तुमच्याकडे पीपीपीओईची (नाव-पासवर्ड देऊन जोडायची ब्रॉडबँड) लाइन नाही, तर पीपीपीची पॅकेजंही काढा.

धागाकर्ता

‘टू बिग’ची ओळ सापडली, एरवी ती माझ्या नजरेतून सुटलीच असती. आणि आरएनडीआयएससमोर मी एम ठेवलं होतं! तुम्ही बजावलं नसतं तर राउटर वाचनालयात नेऊन लावला असता आणि संध्याकाळी मुलं आल्यावर हात चोळत बसलो असतो.

सांगितल्याप्रमाणे बदल केले. टूलचेन तयार असल्याने या वेळचं बिल्ड वीस मिनिटांत झालं. सिसअपग्रेड फाइल मिळाली, एसएचए२५६ चा चेकसम (फाइल अखंड आहे का याचा पडताळा) जुळला. सध्याच्या सेटिंगचा बॅकअप घेतला, व्हर्जन २ साठीची रिकव्हरीची पद्धत कागदावर लिहून घेतली आणि घरीच फ्लॅश केलं. २३.०५ वरून येताना जुनी सेटिंग ठेवली नाहीत, सगळं नव्याने भरलं. डोंगल पहिल्या झटक्यात ओळखला.

प्रतिसाद १

छान! एकच सांगायचं राहिलं. तुमची पीओ फाइल फीडच्या फोल्डरमध्ये आहे. पुढच्या वेळी फीड अपडेट कराल तेव्हा तुमचे बदल आड येतील किंवा जातील. आजच ‘गिट डिफ’ने पॅच (फक्त बदलांची फाइल) काढून बाहेर जपून ठेवा. त्याहून बरं म्हणजे ती वाक्यं वेबलेटवर भरा, ल्युसीची भाषांतरं तिथेच होतात. मग पुढच्या आवृत्तीत ती सगळ्यांनाच मिळतील आणि तुम्हाला दर वेळी पॅच लावत बसावं लागणार नाही.

धागाकर्ता

पॅच काढून ठेवला. वेबलेटवर खातं उघडलंय, आतापर्यंत चाळीस वाक्यं भरली.

काल १५ तारीख होती. राउटर सकाळी लावला. मावशी वही घेऊनच बसल्या होत्या, चित्राचं पान उघडून. स्क्रीनवर ‘नवीन पासवर्ड’ असं दिसल्यावर त्यांनी दोनदा वाचलं, मग टाइप केला, ‘जतन करा आणि लागू करा’वर स्वतः दाबलं. मी मागे उभा होतो, एक शब्दही सांगावा लागला नाही.

सर्वांचे मनापासून आभार. धागा बंद करण्याआधी एक विचारतो, भाषांतरातली दोन वाक्यं अडली आहेत. ‘ब्रिज’ला (नेटवर्कचे भाग एकत्र जोडणारा दुवा) तुम्ही काय म्हणाल? ‘पूल’ लिहिलं तर नेटवर्कचं काम करणाऱ्याला कळेल का, आणि ‘ब्रिज’च ठेवलं तर मावशींना? आणि ‘लीज टाइम’ला ‘पत्ता वापरण्याची मुदत’ चालेल ना? भरलेल्या चाळिसांशिवाय हीच दोन कोरी ठेवली आहेत.