ग्लिसरॉलमधील टेम्पॉल: ईएसआर वर्णपटाचे सिम्युलेशन कमी तापमानाला का जुळत नाही?

प्रश्न:
शुद्ध ग्लिसरॉलमध्ये टेम्पॉल (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला नायट्रॉक्साइड रेणू) विरघळवून मी ९.५ गिगाहर्ट्झला, ८० अंश सेल्सिअसपासून २० अंशांपर्यंत ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) वर्णपट नोंदवले. ईझीस्पिन या ईएसआर सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधील ‘गार्लिक’ हे फलन वापरले असता ८० अंशांचा वर्णपट उत्तम जुळतो. मात्र ५० अंशांच्या खाली तिन्ही रेषांचे आकार बिघडतात. नंतर त्यातलेच, मंद गतीसाठीचे ‘चिली’ वापरून पाहिले, तेव्हा आकार बरा आला, पण २० अंशांचा परिवलन-सहसंबंध काळ (रेणूला आपली दिशा बदलायला साधारण लागणारा वेळ) श्यानतेवरून काढलेल्या अंदाजापेक्षा बराच कमी निघतो. प्रदिशांची (दिशेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय राशींची) मूल्ये मी पाण्यातील टेम्पॉलसाठी छापलेल्या एका लेखातून घेतली आहेत. चूक नेमकी कुठे असावी?

उत्तर १:
‘गार्लिक’ वेगवान गतीचा सिद्धांत वापरते. अतिसूक्ष्म आंतरक्रियेतील (इलेक्ट्रॉन आणि नायट्रोजनचे केंद्रक यांच्यातील चुंबकीय आंतरक्रियेतील) दिशाभेद सुमारे ३ मिलिटेस्ला, म्हणजे साधारण ८५ मेगाहर्ट्झ आहे. त्याची कोनीय वारंवारता आणि सहसंबंध काळ यांचा गुणाकार १ पेक्षा बराच लहान असेल, तोवरच तो सिद्धांत चालतो. रेणूची ०.३ नॅनोमीटर त्रिज्या धरल्यास ८० अंशांना हा काळ एका नॅनोसेकंदाच्या आतबाहेर, ५० अंशांना सुमारे ४ आणि २० अंशांना ३५ ते ४० नॅनोसेकंद येतो. साहजिकच ५० अंशांनाच तो गुणाकार २ च्या घरात जातो. त्यापुढे रेणूची मंद गती पूर्णपणे हिशेबात घेणारे स्टोकॅस्टिक लिउव्हिल समीकरणच सोडवावे लागते आणि ‘चिली’ तेच करते. गती मंदावते तसा उत्तर ज्यांच्या बेरजेने मांडतात त्या पायाफलनांचा संच वाढवावा लागतो. वर्णपट बदलायचा थांबेपर्यंत तो वाढवत जा.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु माझा संशय पाण्याच्या प्रदिशांवर आहे. नायट्रॉक्साइडच्या अतिसूक्ष्म प्रदिशाचा झेड-घटक द्रावकाच्या ध्रुवीयतेनुसार बदलतो आणि पाण्यात तो ग्लिसरॉलपेक्षा मोठा असतो. तो मोठा धरल्यामुळे बाहेरच्या दोन टोकांमधले प्रत्यक्षातले कमी अंतर प्रोग्राम गतीच्या खात्यावर टाकतो, आणि काळ कमी निघतो. तोच नमुना काच होईपर्यंत गोठवून, स्थिर रेणूंसाठीच्या ‘पेपर’ या ईझीस्पिनच्याच फलनाने प्रदिश ठरवा, ते स्थिर ठेवा आणि मग केवळ काळ व रेषारुंदी बदला. सगळेच मोकळे सोडले तर कोणताही वर्णपट जुळतो, आणि त्यातून काहीच कळत नाही. श्यानतेच्या अंदाजालाही फार प्रमाण मानू नका. टेम्पॉल आणि ग्लिसरॉलचे रेणू जवळपास सारख्याच आकाराचे असल्याने श्यानतेवरून काळ देणारे स्टोक्स–आइन्स्टाइन–डिबाय सूत्र येथे केवळ परिमाणाची कल्पना देते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. गोठवलेला वर्णपट घेण्यापूर्वी एक पडताळणी केली: लेखातील अतिसूक्ष्म प्रदिशाच्या तीन घटकांची सरासरी, जी वेगवान गतीत रेषांमधल्या अंतराइतकी असायला हवी, १.७ मिलिटेस्ला येते, तर ८० अंशांच्या वर्णपटातील रेषांमधले अंतर १.६ च्या आसपास आहे. म्हणजे ती मूल्ये माझ्या नमुन्याची नव्हेतच. आता द्रव नायट्रोजनची सोय झाली की प्रदिश नव्याने मोजतो.