सोलापुरात घर घ्यायचं की नाही? "पैसे मातीत घालू नका" म्हणणाऱ्यांना उत्तर

पूर्वभाग
काल इथे एकाने लिहिलं: "गिरण्या गेल्या, माग भंगारात चालले, पोरं पुण्याला गेली. सोलापुरात घर घेणं म्हणजे पैसे मातीत घालणं. भाड्याने राहा आणि पैसा पुण्यात लावा." त्यावर कुणीच हरकत घेतली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

1877 ची जुनी मिल बंद पडली, पुढे लक्ष्मी-विष्णू मिलही. पण कापड संपलं नाही, ते घराघरांत शिरलं. शहराच्या पूर्वभागातल्या गल्ल्यांत आजही खाली माग आणि वर बिऱ्हाड. मागवाल्याचं घर हाच त्याचा कारखाना. भाड्याच्या जागेत माग लावू देणारा मालक शोधून दाखवा. फरशी फोडून बोल्ट बसवायचे, थ्री-फेज मीटर घ्यायचं, वर दिवसभर हादरे. चादरीचं जॅकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र, मागाच्या डोक्यावर बसतं, ते दहा फुटी छताखाली मावत नाही. अशा माणसाला "भाड्याने राहा" सांगणं म्हणजे "धंदा मोड" सांगणं आहे. विडी वळणाऱ्या बाईचंही तसंच. पानं भिजवणं, कापणं, वळणं सगळं घरात. कुंभारीला 2006 साली विडी कामगारांची दहा हजार घरं उभी राहिली, नंतर रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. त्यांच्या घराला पुण्याच्या फ्लॅटची फुटपट्टी लावू नका.

हिशेबनीस
मागवाल्याबद्दल वाद नाही. पण इथे विचारणारे बहुतेक पगारदार आहेत आणि जुळे सोलापूर, होटगी रोडला फ्लॅट बघतायत. त्यांचा हिशेब मांडतो.

समजा फ्लॅट 40 लाखांचा. मुद्रांक शुल्क 6 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार. नोंदणी फी 30 हजार. 32 लाख कर्ज, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं: हप्ता साधारण 27,770. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच 2 लाख 70 हजारांच्या घरात जातं. तोच फ्लॅट 10 हजार भाड्याने मिळत असेल तर वर्षाचे 1 लाख 20 हजार. वरचे दीड लाख भरून निघायला फ्लॅटचा भाव दरवर्षी चार टक्क्यांच्या आसपास वाढायला हवा, आणि त्यात तुमच्या आठ लाखांवरचं बुडालेलं व्याज, देखभाल, घरपट्टी धरलेलीच नाही. ज्या गावातून शिकलेली पोरं बाहेर जातायत तिथे एवढ्या वाढीची हमी कोण देणार?

जुळेकर
भाडं वीस वर्षं दहा हजारच राहणार का? दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं तर पंधराव्या वर्षी वीस हजारांजवळ जातं. व्याजदर हलला नाही तर हप्ता तोच, आणि विसाव्या वर्षी संपतो. शिवाय सोलापूर म्हणजे नुसते माग नाहीत. गणवेशाचा धंदा आहे, दवाखाने आहेत, फताटेवाडीला 1,320 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. 2023 ला वंदे भारत आली. विमानतळाजवळची साखर कारखान्याची चिमणी पाडल्यावर 2025 मध्ये विमानही सुरू झालं.

हिशेबनीस
भाडेवाढीचं मान्य, ते धरायला हवं होतं. पण विमानाने घराला गिऱ्हाईक येत नाही. पगाराच्या नोकऱ्या किती वाढल्या ते सांगा. आणि वंदे भारतने इथला माणूस बाहेर जाणं सोपं केलंय, हे का दिसत नाही तुम्हाला?

साईटवाला
तुम्ही व्याजावर भांडताय आणि पाण्याचं नाव कुणी काढत नाही! चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात घराची किंमत हौदावर ठरते.

चार माणसं, माणशी 135 लिटर, म्हणजे दिवसाला 540. पाच दिवसांचे 2,700. उन्हाळ्यात पाळी एक-दोन दिवस पुढे जाते, म्हणून पाच हजार लिटरच्या खाली हौद नको. पाच बाय सहा, सहा फूट खोल, आतून मोजून. विकणारा "मोठा हौद आहे" म्हणेल. झाकण उघडा, काठी घाला, मोजा.

जुळेकर
आता उजनी धरणातून दुसरी, समांतर जलवाहिनी टाकलीय. हौदाचे दिवस संपत आले.

साईटवाला
उजनीतून पाणी जास्त आलं म्हणून नळाला रोज येत नाही हो! ते साठवायला उंच टाक्या हव्यात आणि गल्लीतल्या वाहिन्या बदलायला हव्यात. शहराचं सगळं पाणी थेट धरणातून येतही नाही. काही हिप्परगा तलावातून येतं, काही टाकळीला भीमा नदीतून उपसून. टाकळीसाठी उजनीतून भीमेत पाणी सोडून औजच्या बंधाऱ्यात अडवायचं, म्हणजे शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट नदीत सोडायचं. 117 टीएमसीचं (अब्ज घनफूट) धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचं पाणी. हे माहीत नसताना "संपत आले" लिहू नका. लोक वाचून लाखो रुपये टाकतात.

पूर्वभाग
हौद मोठा म्हणजे डासही मोठे, हे सांगा की. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस. मोठा हौद कधी रिकामाच होत नाही, वरून भरत राहतो. माझं मत: एक मोठा नको, मधे भिंत घालून दोन कप्पे करा. एक वापरा, एक घासून कोरडा ठेवा.

साईटवाला
दोन कप्पे म्हणजे दोन झाकणं, पंपाचे दोन फूटव्हॉल्व्ह, आणि मधल्या भिंतीतून झिरपा. जुन्या बांधकामात ती भिंत वीट-सिमेंटची असते, एका बाजूला पाणी आणि दुसरी कोरडी ठेवली की दोन वर्षांत ओल धरते. तळाला उतार देऊन कोपऱ्यात खड्डा ठेवला, घट्ट झाकण लावलं, हवेच्या पाइपला जाळी बांधली की एक कप्पा पुरतो.

पूर्वभाग
झाकण घट्ट बसतं कुठे? लोखंडी पत्रा दोन पावसाळ्यांत गंजून कडेला बोटभर फट पडते. गल्लीत फिरून बघा.

उतारा_वाचा
हौदावरून खाली या जरा. 1992 च्या शहराच्या हद्दवाढीतल्या भागात स्वस्त मिळतंय म्हणून उडी मारणाऱ्यांसाठी: जागा गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेली, आहे का ते आधी बघा. सातबाऱ्यावर दहा-वीस नावं सामाईक आणि तुमचा फक्त हिस्सा, असं असेल तर बँक बहुधा कर्ज देत नाही. नियमितीकरणाचा दाखला मागा, अर्जाची पोच चालणार नाही. मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या. मागाचं घर असेल तर घरपट्टीचा आणि औद्योगिक मीटरचा थकबाकी नसल्याचा दाखला सौद्याआधी घ्या. मागची बाकी निघाली की नवीन जोडणी तुमची अडते.

साईटवाला
आणि मागाच्या घराच्या भिंती. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल तर काळ्या मातीतला पाया हललाय. ती माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. नुसता गिलावा केलेली चीर मे महिन्यात परत उघडते. घर बघायचं तर मे मध्येच बघा. शहाबादी फरशीत मागाच्या तेलाचे काळे डाग मुरलेले असतात, ते घासून जात नाहीत. फरशी उखडण्याचा खर्च भावातून कापून घ्या.

हिशेबनीस
एवढं सगळं तपासून, वीस वर्षं इथेच राहायचं ठरवून, रोजगार मागांवर अवलंबून नसेल तर घ्या. तेवढं मान्य करतो. पण गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणाऱ्याला मी नाहीच म्हणणार, कितीही भांडा.

पूर्वभाग
दुसऱ्या फ्लॅटची बाजू इथे कुणी घेतलीच नव्हती. मूळ वाक्य "सोलापुरात घर घेणं म्हणजे पैसे मातीत घालणं" असं होतं, ते चूक होतं एवढं मान्य करा. आणि साईटवाले, हौदाच्या झाकणाचं उत्तर अजून दिलेलं नाही.

साईटवाला
फायबरचं घ्या, चौकटीत रबर पट्टी बसवून. गंजत नाही. पत्र्याबद्दल तुमचं बरोबर होतं. दोन कप्प्यांचं नाही.